जुन्या कन्सोलसाठी नवा गेम: पहिला प्रयत्न ४० किलोबाइटांतच का करावा

आठबीट (धागाकर्ता)

"मला जुन्या कन्सोलसाठी गेम लिहायचाय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न इथे सतत येतो आणि उत्तरात साधनांची नावं मिळतात: सीसी६५, जीबीडीके, एसजीडीके, जीबी स्टुडिओ. सगळी उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मला बरेच दिवस वाटतंय की पहिला निर्णय साधनाचा नसतो, आकाराचा असतो. त्यावर सविस्तर बोलायला हा धागा.

माझं म्हणणं एवढंच: एनईएससाठी (निन्टेंडोचा जुना ८-बिट कन्सोल) पहिला गेम करत असाल तर तो एनरॉम या सगळ्यात साध्या कार्ट्रिज-प्रकारात करा. प्रोग्रामला ३२ केबी, चित्रांना ८ केबी, मॅपर (जास्त मेमरी हाताळणारी जादा चिप) नाही, मेमरीचे भाग म्हणजे बँक बदलणं नाही. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स एवढ्याच जागेत बसला. २०१९ चा मायक्रो मेजेस हा होमब्रू (जुन्या कन्सोलसाठी कंपनीबाहेरच्या लोकांनी केलेला) गेमही ४० केबीचाच आहे आणि तो चौघांना एकत्र खेळता येतो.

कुणाची परीक्षा पाहायची म्हणून हे सांगत नाहीये. नवा माणूस येतो तो डोक्यात मोठा गेम घेऊनच येतो. जगाचा नकाशा, दुकानं, संवाद, चार वेगवेगळे शेवट. त्यात गैर काही नाही, पण असे प्रकल्प कुठे अडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: नायक पडद्यावर चालायला लागतो, एक गाव तयार होतं आणि पुढे त्या माणसाचं नाव दिसेनासं होतं. एनरॉममध्ये जागाच संपते. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निकाल पहिल्या आठवड्यातच लावावा लागतो, आणि गेम डिझाइन म्हणजे मुळात तेच काम आहे.

रॅमचा हिशेब बघा. एकूण २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. त्यातले पहिले २५६ झीरो पेजचे (जिथे प्रोसेसर लवकर पोचतो), पुढचे २५६ स्टॅकचे (प्रोसेसरच्या तात्पुरत्या नोंदींचे), आणि स्प्राइटांची, म्हणजे हलत्या चित्रांची, यादी तयार करायला बहुतेक जण आणखी २५६ बाजूला काढतात. उरले १२८०. शत्रू, गोळ्या, पातळीची अवस्था, संगीताचे काउंटर, सगळं त्यात बसवायचं.

वेळेचा हिशेब त्याहून कडक. पडदा रंगवणं चालू असताना पीपीयूच्या, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपेच्या, मेमरीला हात लावता येत नाही. दोन चित्रांच्या मधे जो व्हीब्लँक मिळतो तो एनटीएससीवर (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) २० ओळींचा, म्हणजे प्रोसेसरच्या सुमारे २२७० सायकलींचा (ठोक्यांचा). स्प्राइटांची यादी एकगठ्ठा पीपीयूकडे नेणारा डीएमए त्यातल्या ५१३ किंवा ५१४ खातो. राहिल्या साधारण १७५०. एक बाइट उचलून पीपीयूकडे ढकलायला, लूप उलगडून लिहिला तरी, ८ सायकली लागतात. म्हणजे कितीही चोख लिहिलंत तरी एका फ्रेममध्ये २०० च्या आसपासच बाइट बदलता येतात, आणि पूर्ण पडद्याचा नकाशा असतो ९६० टाइलांचा (छोट्या चौकोनी चित्रतुकड्यांचा) आणि ६४ बाइट रंगांचा. एका झटक्यात अख्खा पडदा बदलायचा असेल तर तो आधी बंद करावा लागतो. हे आकडे कळले की जुन्या गेममध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पडदा क्षणभर काळा का व्हायचा, हेही कळतं.

आता मायक्रो मेजेसवाल्यांनी काय केलं ते सांगतो, कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. त्यांनी पातळ्यांचे पडदे डावी-उजवीकडे आरशासारखे सममित ठेवले, म्हणजे अर्धाच पडदा साठवायचा. टाइल एक-एक न साठवता त्यांचे मोठे ठोकळे केले आणि त्या ठोकळ्यांचे आणखी मोठे ठोकळे. बॉसचं मोठं शरीर थोड्याच टाइल उलटसुलट फिरवून जोडलं. खेळणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, त्याला दिसतो तो उंच चढत जाणारा मनोरा. जागेची अडचण होती म्हणून ही रचना सुचली, आणि गेम त्या रचनेमुळेच देखणा झाला.

दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. लहान गेम लवकर दुसऱ्याच्या हातात जातो. आपल्यात ज्यांचे गेम पूर्ण झाले त्यांची जुनी पोस्टं काढून बघा. बहुतेकांनी एक पडदा, एक शत्रू असतानाच रॉम (गेमची फाइल) इथे टाकली होती आणि कुणीतरी ती चालवून "उडी जड वाटते" किंवा "मरण्याचं कारण कळत नाही" असं लिहिलं होतं. गेम पुढे नेतो तो हा प्रतिसाद. म्हणून या धाग्यावर विनंती आहे: लहान काहीतरी करत असाल तर त्याची रॉम इथे टाका, आणि ज्यांच्याकडे खरे कन्सोल आहेत त्यांनी ती त्यांवर चालवून बघा.

रास्टर

मनापासून सहमत. मी अटारी २६०० वर काम करते, त्यामुळे तुमचे २ केबी मला ऐसपैस वाटतात. तिथे १२८ बाइट रॅम आहे आणि स्टॅकही त्यातच. चित्र साठवायला मेमरीच नाही. एका स्कॅनलाइनला, म्हणजे पडद्याच्या एका आडव्या ओळीला, प्रोसेसरच्या ७६ सायकली मिळतात आणि तेवढ्यात त्या ओळीत काय दिसणार ते टीआयए या चित्राच्या चिपला सांगून मोकळं व्हायचं, की लगेच पुढची ओळ दारात उभी. खेळाचं तर्कशास्त्र पडद्याच्या वरच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या ओळींत उरकायचं.

एक भर घालते. जुन्या कन्सोलवरचं होमब्रू उभं राहिलं ते कागदपत्रांवर. २६०० साठी १९९५ मध्ये एड फेडरमायरने एडट्रिस २६०० केला, तेव्हा आजच्यासारखे धडे नव्हते. लोक इंटरनेटवरच एकमेकांना रजिस्टरं (चिपेचे नियंत्रण-कप्पे) समजावून सांगायचे. गेम बॉयचे पॅन डॉक्स ही तांत्रिक टिपणं १९९५ पासून चालत आलेत आणि आजही माणसं त्यांत दुरुस्त्या करताहेत. एनईएसचं स्क्रोलिंग नेमकं कसं चालतं ते 'लूपी' या टोपणनावाच्या माणसाने १९९९ मध्ये एका छोट्या मजकुरात लिहिलं, आणि एम्युलेटर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहिणारे अजूनही त्यातलीच 't' आणि 'v' ही रजिस्टरांची नावं वापरतात. यातल्या कुणालाही कंपनीने काही दिलं नव्हतं. कन्सोल उघडून, मोजून, चाचण्या लिहून हे काढलंय. म्हणून नव्या लोकांना माझं सांगणं: रॉम टाकाच, पण जे कळलं ते लिहूनही टाका. चार ओळी असल्या तरी चालतील.

कार्ट्रिजवेडी

आठबीट, लेख आवडला, पण मुख्य मुद्दा मला पटलेला नाही. मी गोष्टी सांगणारे गेम करते. असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची मूळ भाषा, मला येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. २०१९ मध्ये क्रिस माल्टबीने जीबी स्टुडिओ हे कोड न लिहिता गेम करायचं साधन आणलं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना पहिल्यांदा गेम बॉयवर काहीतरी करता आलं. चित्रकार आले, लेखक आले. आधी सायकली मोजा, मग गेम करा, असं त्यांना सांगितलं असतं तर ते आलेच नसते.

आणि मोठा गेम अर्धवट राहतो हे खरं, पण लहान गेमही राहतातच. अर्धवट राहण्याचं कारण बऱ्याचदा एकटेपणा असतं. तुमच्या लेखाचा दुसरा भाग मला म्हणूनच जास्त खरा वाटतो.

आठबीट (धागाकर्ता)

कार्ट्रिजवेडी, तुमचं म्हणणं रास्त आहे. जीबी स्टुडिओबद्दल मला आदर आहे, आणि मी "एनईएससाठी" असं मुद्दाम लिहिलं. तुमच्या साधनातही मर्यादा आहेतच ना? १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा, चार छटा, स्प्राइट एकूण ४०, एका ओळीत १०. जीबी स्टुडिओ त्या मर्यादा लपवत नाही. एका दृश्यात किती पात्रं बसतील ते लिहितानाच दाखवतं. लहान काहीतरी शेवटापर्यंत नेणं, एवढाच माझा आग्रह. सायकली मोजाव्या लागल्या नाहीत तर चांगलंच आहे.

एकटेपणाचा मुद्दा मी इतक्या स्पष्टपणे मांडला नव्हता. तो मान्य.

चिपनाद

संगीताबद्दल कुणीच बोललेलं नाही, म्हणून लिहितो. होमब्रूत संगीतकाराला सगळ्यात शेवटी बोलावतात. गेम तयार असतो, ३२ केबीतले ३१ भरलेले असतात आणि मग निरोप येतो, "तीन गाणी हवीत."

असं करू नका. एनईएसच्या आवाजाला पाच वाटा आहेत: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक डीपीसीएम (आधी नोंदवलेला आवाज वाजवणारी). उडीचा किंवा गोळीचा आवाज वाजवायचा तर तो यातलीच एक वाट तात्पुरती हिसकावून घेतो. सुरावट दुसऱ्या पल्सवर ठेवली आणि उडीचा आवाजही तिथेच टाकला तर दर उडीला सूर तुटतो. पहिल्या पल्सवर सूर, दुसऱ्यावर साथ आणि परिणाम दुसऱ्यावर, असं आधीच ठरलं तर गाणं त्या अंदाजाने बांधता येतं. ट्रँगलला आवाज कमी-जास्त करायची सोय नाही, तो चालू किंवा बंद. त्यामुळे बास हळूहळू विरत नेता येत नाही. तो कुठे तोडायचा हे लिहितानाच ठरवावं लागतं, आणि उत्तम एनईएस संगीताची अर्धी लय त्या तोडण्यात असते.

संगीत रचायला फॅमिट्रॅकर किंवा फॅमिस्टुडिओ, काहीही वापरा. पण गेममध्ये जो ध्वनी-इंजिन जाणार तो कुठल्या सोयी ओळखतो ते संगीतकाराला पहिल्या दिवशी सांगा. ट्रॅकरमध्ये छान वाजणारा एखादा परिणाम इंजिनात नसतोच, आणि मग पूर्ण गाणं परत करावं लागतं. डीपीसीएमचे ढोल तर जागा प्रचंड खातात. एनरॉममध्ये एक छोटा किक आणि एक स्नेअर, त्यापुढे जाऊ नये असं माझं मत.

नवखा१२८

धाग्याबद्दल धन्यवाद, वाचनखूण साठवली. आठबीट यांनी सांगितलं तसं धाडस करून माझी रॉम टाकतोय. एनरॉम आहे, एक पडदा, दोन प्रकारचे शत्रू, सीसी६५ मध्ये सी आणि थोडी असेंब्ली. एम्युलेटरवर नीट चालतो. पण माझ्या मित्राने फ्लॅशकार्टवर (रॉम भरता येणारं कार्ट्रिज) टाकून खऱ्या कन्सोलवर चालवला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, कधीकधी सुरुवातीलाच गुणांच्या जागी भलताच आकडा असतो. दोन, नायक मधेच आपोआप उजवीकडे एक पाऊल टाकतो. कंट्रोलर बदलून पाहिला, फरक नाही. कुणी चालवून बघेल का?

पाल५०

तुमची रॉम माझ्या पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) एनईएसवर चालवली. गुणांचा घोळ मलाही दिसला, तिसऱ्यांदा चालू केल्यावर. नायक मात्र अजिबात स्वतःहून हलत नाही, बराच वेळ खेळले तरी. गेम छान आहे, दुसरा शत्रू भिंतीवरून वळतो ते फार आवडलं. पण तुमच्या मित्राचा कंट्रोलर पोर्टच बिघडलेला असेल का?

झेड८०

पाल५०, तुम्ही चालवून पाहिलंत ते फार बरं केलंत, कारण तुमच्या निरीक्षणामुळे कोडं सुटतंय. मित्राचं पोर्ट ठीक असणार. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत.

गुणांची गोष्ट सोपी. कन्सोल चालू होतो तेव्हा रॅममध्ये काय असेल याची खात्री नसते. काही बाइट शून्य, काही २५५, काही मधलेच, आणि प्रत्येक कन्सोलची आपापली तऱ्हा. बरेच एम्युलेटर सवयीने सगळं शून्य करून देतात, म्हणून तिथे आपला प्रोग्राम निर्दोष दिसतो. सुरुवातीच्या कोडमध्ये पूर्ण २ केबी रॅम पुसून घ्या. ते काम पीपीयू तयार होण्याची वाट बघताना फुकटात होतं. एवीतेवी दोन व्हीब्लँक थांबायचंच असतं, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे पुसा. मेसेन या एम्युलेटरमध्ये रॅम सुरुवातीला मनमानी मूल्यांनी भरायची सोय आहे. ती कायम चालू ठेवा.

आता उजवीकडचं पाऊल. नवखा, तुमच्या गेममध्ये ढोलाचा आवाज डीपीसीएमवर आहे, बरोबर? नायक हलतो तेव्हा ढोल वाजत असतो का, ते मित्राला बघायला सांगा. माझा अंदाज आहे की असतोच.

कारण असं. कंट्रोलरमध्ये एक शिफ्ट रजिस्टर आहे. मेमरीतला $४०१६ हा पत्ता वाचला की एक बटण कळतं आणि रजिस्टर एक घर पुढे सरकतं. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठ वाचनांनंतर रजिस्टर रिकामं होतं आणि पुढे नुसते १ येत राहतात. डीपीसीएमला आवाजाचा पुढचा बाइट हवा असतो तेव्हा तो प्रोसेसरला काही सायकली थांबवून मेमरीतून बाइट उचलतो. हे थांबणं नेमकं $४०१६ वाचताना आलं तर ते वाचन दोनदा होतं. प्रोसेसरला एकच बाइट मिळतो, पण कंट्रोलरला दोन ठोके गेलेले असतात. एक बटण गळतं, त्यामागची सगळी एक घर पुढे सरकतात, आणि शेवटच्या, म्हणजे उजव्याच्या जागी त्या रिकाम्या रजिस्टरातला १ येऊन बसतो. प्रोग्रामला वाटतं, उजवं बटण दाबलंय.

पाल कन्सोलमधल्या प्रोसेसरात हा दोष दुरुस्त केलेला आहे, म्हणून पाल५० यांना तो दिसला नाही. मित्राचा कन्सोल एनटीएससी असणार.

उपाय जुनाच आहे. कंट्रोलर पूर्ण वाचा, लगेच परत एकदा पूर्ण वाचा, आणि दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत हे करत राहा. सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्येही हेच केलंय. दुसरी वाट आहे ती स्प्राइटांच्या डीएमएला लागूनच वाचायची आणि सायकलींची सम-विषम गणना सांभाळायची. ती जलद आहे, पण असेंब्लीत एकेक सूचना मोजून लिहावी लागते. पहिल्या गेमला परत परत वाचणं पुरेसं आहे.

रास्टर

झेड८० यांचा प्रतिसाद कुठेतरी कायमचा जपून ठेवायला हवा. एनटीएससीवाल्याने पाहिलं, पालवाल्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेगळं निघालं म्हणून कारण सापडलं. एकाच एम्युलेटरवर गेम करणाऱ्या माणसाला हे एकट्याने हुडकायला फार अवघड गेलं असतं.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलचंही एक सांगून ठेवते. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत टीएमएसएस नावाची तपासणी आहे. प्रोग्रामने सुरुवातीला $ए१४००० या पत्त्यावर 'सेगा' ही अक्षरं लिहिली नाहीत तर व्हीडीपीला, म्हणजे त्याच्या चित्राच्या चिपेला, हात लावता येत नाही. अगदी पहिल्या कन्सोलांत ही तपासणी नव्हती. त्यामुळे एकाच्या घरी चालतो, दुसऱ्याच्या घरी काळा पडदा. एसजीडीके वापरलंत तर ते काम ते करतं. स्वतः असेंब्लीत लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कार्ट्रिजवेडी

याच अनुषंगाने एक विचारते. गेम बॉय चालू होताना कार्ट्रिजमधलं कंपनीचं बोधचिन्ह तपासतो. ते रॉममध्ये ठेवणं कायद्याने चालतं का? कार्ट्रिज विकायचा विचार आहे, म्हणून धाकधूक वाटते.

झेड८०

गेम बॉयच्या रॉमच्या शीर्षभागात $०१०४ पासून ४८ बाइट ते बोधचिन्ह असतं आणि ते जुळलं नाही तर कन्सोल तिथेच अडकतो. म्हणजे ते चालू होण्याची किल्ली आहे. अशाच टीएमएसएसवरून सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड हा खटला झाला आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने अ‍ॅकोलेडच्या बाजूने निकाल दिला. जुळवून घेण्यापुरतं यंत्र उलगडून बघणं आणि यंत्राने मागितलेली अक्षरं देणं न्यायालयाने मान्य केलं. हा अमेरिकेतला निकाल आहे. विक्री मोठी असेल तर जाणत्या वकिलाला विचारा. पण खोक्यावर किंवा लेबलावर कंपनीचं चिन्ह छापणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. ते अजिबात करू नका, आणि दुसऱ्याची पात्रंही घेऊ नका.

कार्ट्रिज करणार असाल तर बोर्डाकडे नीट लक्ष द्या, त्याबद्दल मला फार तळमळ आहे. एनईएस, गेम बॉय, मेगा ड्राइव्ह ही ५ व्होल्टवर चालणारी यंत्रं आहेत. आज सहज मिळणाऱ्या फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. मधे व्होल्टेज जुळवणारी चिप न घालता त्या थेट जोडल्या की गेम चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण चिपेवर आणि कन्सोलच्या बसवर नको तो ताण पडत राहतो. ३० वर्षं जपलेल्या कन्सोलला आपल्या गेमने धोका पोचू नये. बोर्डाची कड तिरकी घासून घ्या, नाहीतर ती कनेक्टरच्या पिना खरवडते. संपर्कपट्ट्यांवर कठीण सोन्याचा मुलामा द्यायला सांगा. समोरून कार्ट्रिज घालायच्या एनईएसला सुरक्षा चिपेचं उत्तर लागतं. त्यासाठी होमब्रूवाले एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर सीआयक्लोन, म्हणजे त्या चिपेची नक्कल करणारा प्रोग्राम, चढवतात.

चिपनाद

विक्रीचा विषय निघालाच आहे तर माझं एक मागणं. कार्ट्रिज जरूर विका, मेहनतीचे पैसे मिळायलाच हवेत. पण रॉमची फाइलही कधी ना कधी उपलब्ध करा, विकत असली तरी चालेल. फक्त कार्ट्रिजवर निघालेले काही होमब्रू गेम आता बघायलाच मिळत नाहीत. ज्यांनी घेतले त्यांच्या कपाटात आहेत. प्रगती साठवायला बॅटरी लावली असेल तर ती एक दिवस संपणारच. मी ज्या गेमला संगीत दिलं ते मला स्वतःला ऐकवता येत नसेल तर वाईट वाटतं.

आठबीट (धागाकर्ता)

चिपनाद, याला माझा शंभर टक्के पाठिंबा, आणि जमत असेल तर सोर्सही द्यावा. २०१७ चा टोबू टोबू गर्ल बघा. गेम बॉयचा गेम, कार्ट्रिजही निघालं, रॉम मोफत आणि सोर्सही खुला. त्यामुळे त्याची विक्री थांबली नाही, उलट नव्या लोकांना एक पूर्ण झालेला गेम आतून वाचायला मिळाला. धड्यांत एक-एक तंत्र असतं; ती सगळी एकत्र कशी नांदतात ते पूर्ण गेममध्येच दिसतं. गेम बॉयवाल्यांनी होमब्रू हबवर असे गेम गोळा करून ठेवलेत आणि ते ब्राउझरमध्येच खेळता येतात. एनईएसच्या बाजूलाही स्पर्धांमधल्या लहान गेमची संकलनं होत आली आहेत.

सोर्स देताना परवाना लिहायला विसरू नका. कोडला एमआयटी किंवा झेडलिब, चित्रं-संगीताला क्रिएटिव्ह कॉमन्स असं वेगवेगळं ठेवलं तर पुढे गोंधळ होत नाही. संगीत दुसऱ्याचं असेल तर त्याला आधी विचारा. परवानाच न लिहिलेला सोर्स वाचता येतो, पण कुणाला त्यावर उभं राहता येत नाही.

नवखा१२८

झेड८०, तुम्ही सांगितलंत तसंच निघालं. मित्राने लक्ष देऊन पाहिलं, ढोल वाजतानाच नायक सरकत होता. रॅम पुसण्याचं आणि कंट्रोलर दोनदा वाचण्याचं दोन्ही केलं. आता गुण शून्यापासून सुरू होतात आणि नायक जागचा हलत नाही. नवी रॉम वरच्याच दुव्यावर आहे. सोर्सही टाकलाय, एमआयटी परवान्याने. कंट्रोलर वाचण्याच्या कोडवर हे का करावं लागतं ते रास्टर यांनी म्हटल्याप्रमाणे चार ओळींत लिहिलंय.

एकच शंका. कंट्रोलर खेळणाऱ्याने नेमका त्याच क्षणी दाबला तर दोन वाचनं जुळणार नाहीत, मग लूप अडकून पडेल का?

झेड८०

नाही. बटण दाबलं जाणं एकदाच घडतं, पुढच्या वाचनात दोन्ही उत्तरं सारखी येतात. एक फेरी जास्त होते एवढंच. डीपीसीएमचे दोन बाइट उचलण्यामधे सगळ्यात वरच्या दरालाही ४०० हून जास्त सायकली असतात. वाचनाचा लूप आटोपशीर असला तर सलग दोन वाचनं बिघडून सारखीच चुकीची येण्याची भीती नाही. तुमचा कोड पाहिला, ठीक आहे.

पाल५०

नवी रॉम चालवली. गुण दहा वेळा बंद-चालू करूनही ठीक. पण आता दुसरं सांगायचंय, आधी राहून गेलं. पालवर सेकंदाला ५० फ्रेम पडतात, तुम्ही वेग फ्रेमवर बांधलाय. त्यामुळे माझ्याकडे सगळंच संथ चालतं, आणि संगीतही. खेळायला मजा येते, पण दुसऱ्या शत्रूपासून निसटणं तुमच्या मनात होतं त्यापेक्षा खूप सोपं होत असणार. सुरुवातीला दोन व्हीब्लँकमधलं अंतर मोजून कन्सोल कुठला ते ओळखता येतं. एनटीएससीला फ्रेममध्ये २६२ ओळी, पालला ३१२, फरक ठळक आहे. मग वेगाची दोन कोष्टकं ठेवायची. संगीतासाठी पालवर दर पाचव्या फ्रेमला इंजिन एकदा जास्त चालवलं की गती जुळते. एनरॉममध्ये तेवढी जागा उरलीये का तुमच्याकडे?

नवखा१२८

प्रोग्राममध्ये साधारण ९ केबी शिल्लक आहेत. कोष्टकं आज रात्रीच करायला घेतो. उडीचे आकडे ५० फ्रेमला नुसते सव्वापट-दीडपट करून चालतील, की गुरुत्वाकर्षण वेगळं मोजावं लागेल?

झेड८०

वेगळं मोजा. वेगाला ६ भागिले ५, म्हणजे १.२ ने गुणायचं. त्वरणाला त्याचा वर्ग, १.४४. नाहीतर उडी ठरवल्यापेक्षा उंच जाईल आणि पालवाल्यांना नको त्या फळीवरही पोचता येईल. वेग ८.८ स्थिरबिंदूत (८ बिट पूर्णांकाला, ८ बिट अपूर्णांकाला) ठेवलेत ना? सी मध्ये पूर्ण अंकांत ठेवलेत तर १.४४ गोल होऊन निघून जाईल.